फ्लॅश खराब नव्हता

मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. जुना म्हणा, त्याचा मला राग नाही. माझ्या कडांचा रुपेरी रंग उडाला आहे, पडद्यावर एक तिरका ओरखडा आहे आणि बॅटरीचं झाकण रबरबँड लावल्याशिवाय जागेवर राहत नाही. पण मला कुणी खराब म्हटलं, तर ते मी ऐकून घेणार नाही. खूप वर्षं ऐकून घेतलं. आता मित्रांनो, तुम्ही समोर बसलाच आहात, तर माझी बाजू ऐका आणि मग काय ते ठरवा.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे सगळे पांढरे अंगरखे घालून काम करायचे. माझं भिंग एकीनं बसवलं, बटणं दुसऱ्यानं, आणि शेवटच्या टेबलावरच्या बाईंनी मला एका राखाडी फळ्यासमोर धरून माझा फ्लॅश तपासला. एकदा नाही, अकरा वेळा. अकराही वेळा तो नीट चमकला. तेव्हाच त्यांनी माझ्या पोटावर हिरवा ठिपका चिकटवला. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे माझ्याबद्दल जे बोललं गेलं ते ऐकून तुम्हाला वाटेल, की याच्यात जन्मापासूनच काहीतरी खोट असावी.

माझ्या पाठीवर विजेची खूण असलेलं एक छोटं बटण आहे. ते दाबत गेलं की फ्लॅशच्या चार तऱ्हा एकामागून एक येतात. पहिली ऑटो, म्हणजे उजेड मोजून फ्लॅश मारायचा की नाही ते मीच ठरवतो. दुसरीत मी काहीही मोजत बसत नाही, दर वेळी फ्लॅश मारतोच. तिसरीत कितीही अंधार असला तरी मारत नाही. चौथीवर डोळ्याचं चित्र आहे. तिच्यात मी आधी एक बारीक चमक देतो, म्हणजे फोटोत माणसांचे डोळे लालभडक येत नाहीत. चार तऱ्हा होत्या, कारण उजेडही एकाच तऱ्हेचा नसतो. एवढं सोपं होतं सगळं.

मला एका इमारत तपासणी कार्यालयानं घेतलं. शहरातल्या जुन्या इमारती राहण्याजोग्या आहेत की नाहीत, हे पाहणं त्या कार्यालयाचं काम. मी आलो त्या दिवशी सगळे आपापली टेबलं सोडून मला बघायला आले. टंकलेखक बाईंनी केस नीट करून पहिला फोटो काढून घेतला. मोठे साहेब म्हणाले, "आता अहवालाला पुरावा जोडता येईल." मला फार अभिमान वाटला. पुरावा हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

तीन-चार महिने छान गेले. मग कार्यालयात एका बड्या पाहुण्यांचा सत्कार झाला. एका कारकुनानं गंमत म्हणून माझं विजेचं बटण दाबून पाहिलं आणि फ्लॅश बंद राहिला. सभागृहात उजेड कमी, कारकुनाचा हात थरथरणारा. पाहुणे, हार, मोठे साहेब, सगळे ढगातून चालल्यासारखे पुसट आले. साहेब चिडले. कारकून म्हणाला, "कॅमेराच तसला आहे, साहेब."

दुसऱ्या दिवशी स्टोअरकीपरनं मला ऑटोवर ठेवलं आणि त्या बटणावर काळी चिकटपट्टी लावली. एक नाही, दोन थर. वर पांढऱ्या शाईनं लिहिलं, 'हात लावू नये'. स्टोअरकीपर वाईट माणूस नव्हते. त्यांच्या कपाटात टाचणीसुद्धा जागच्या जागी असायची. पण त्यांचं एक ठाम मत होतं. ते म्हणायचे, "यंत्राला अक्कल घालूनच पाठवलेलं असतं. आपण आपली पाजळायला जाऊ नये."

मित्रांनो, मी उजेड मोजू शकतो. समोर काय आहे, हे मला कळत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुसरं काम माणसाचं आहे. पण ती पट्टी माझ्या पाठीवर सहा वर्षं राहिली. सहा वर्षं मी ऑटोवर फोटो काढले. अंधाऱ्या जिन्यांत फ्लॅश मारला, उन्हाच्या खिडक्यांसमोर गप्प बसलो. फोटो बिघडले की प्रत्येक जण तेच म्हणायचा. याचा फ्लॅश खराब आहे. कुणी पट्टी काढून पाहिली नाही.

मग कार्यालयात एक नवीन तपासनीस बाई आल्या. चाळिशीच्या आसपासच्या, उंच, पायांत जाड तळव्याचे बूट, खांद्याला झोळी आणि झोळीत टॉर्च, हातोडी, मोजपट्टी, पेन्सिल. त्या भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करून आवाज ऐकायच्या. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे, म्हणून मीही मॅडमच म्हणतो.

त्यांच्याकडे एका दुमजली इमारतीचं प्रकरण आलं. तळमजल्यावर गोदाम होतं आणि वरच्या मजल्यावर शिवणकामाचा कारखाना, दोन्ही इमारतीच्या मालकांचेच. गोदामाच्या छताखाली एक जाड काँक्रीटची तुळई होती. वरचा सगळा मजला तिच्यावर उभा होता. मॅडम शिडीवर चढल्या. तुळईला नवाकोरा ऑइलपेंट फासलेला होता, आरशासारखा चकचकीत. त्याखालून एक तडा गेला होता. मॅडमनी त्यात पेन्सिल घातली. ती निम्मी आत गेली.

त्यांनी मला काढून फोटो घेतला. मी उजेड मोजला, कमी होता, फ्लॅश मारला. तो थेट त्या ऑइलपेंटवर आपटून माझ्याच डोळ्यात परत आला. मग त्या वर गेल्या. वर बेचाळीस बायका मशीनवर बसल्या होत्या आणि त्यांच्या पाठीमागे मोठमोठ्या खिडक्या होत्या. दाराशी इमारतीच्या मालकांचा मॅनेजर उभा होता. "लवकर आटपा," तो म्हणाला. मॅडमनी दारातूनच फोटो काढला. मी उजेड मोजला. खिडक्यांतून भरपूर येत होता, म्हणून मी फ्लॅश मारला नाही. मला शिकवलं होतं तसंच मी वागलो.

आठवड्याभरानं मोठ्या साहेबांच्या खोलीत तो अहवाल उघडला गेला. मालक समोरच्या खुर्चीत बसले होते. साहेबांनी पहिला फोटो उचलला. तुळईच्या मधोमध, जिथे तडा होता तिथेच, पांढराफटक गोळा होता.

"कुठे आहे तडा?" मालकांनी विचारलं.

"या पांढऱ्याच्या खाली आहे," मॅडम म्हणाल्या. "मी पेन्सिल घालून पाहिलीय."

"पेन्सिलीचा फोटो नाही ना जोडलेला."

साहेबांनी दुसरा फोटो उचलला. खिडक्या लख्ख आल्या होत्या. त्यांच्यापुढे काळे उंचवटे होते, रांगेनं, एकाला एक लागून.

"वर कुणी काम करत नाही, साहेब," मालक शांतपणे म्हणाले. "वर आम्ही माल ठेवतो. हे कापडाचे गठ्ठे आहेत. तसं लेखी देतो मी."

मॅडमनी तो फोटो स्वतःकडे ओढला. मग म्हणाल्या, "साहेब, त्या बायका आहेत. बेचाळीस. मी मोजल्यात."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझा तुमच्यावर विश्वास आहे हो. पण मजला रिकामा करायचा हुकूम मी विश्वासावर काढू शकत नाही. आपला कॅमेरा बिघडलेला आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. सोमवारी आणखी एक पाहणी करा. त्यातही काही दिसलं नाही, तर प्रकरण बंद."

मी टेबलाच्या कोपऱ्यावर पडून होतो. मित्रांनो, माझ्या डोळ्यांसमोर माणसांना गठ्ठे म्हटलं गेलं आणि त्याला पुरावा म्हणून माझाच फोटो दाखवला गेला. त्या दिवशी मला जितका संताप आला, तितका पुन्हा कधी आला नाही.

मॅडमनी मला घरी नेलं. त्यांचे वडील त्यांच्याकडेच राहायचे. वडिलांनी चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला होता, बहुतेक पासपोर्टचे फोटो. आता त्यांना बारीक दिसत नसे, पण मला हातात घेतल्यावर त्यांच्या बोटांनी सगळी बटणं बरोबर ओळखली. अंगठा पट्टीवर येऊन थांबला.

"ही कुणी लावली?"

"कार्यालयात लावलीय, बाबा. हात लावू नये म्हणून."

"मग फोटो कोण काढतं? पट्टी?"

मॅडम हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या असाव्यात. बाबांनी नखानं पट्टीचा कोपरा उचकटला. पण ती सोलून काढली मॅडमनी. डिंक इतका जुना होता, की बटणावर तपकिरी थर राहिला. तो त्यांनी ओल्या फडक्यानं पुसला. माझ्या पाठीला सहा वर्षांनी वारा लागला.

रविवारची दुपार होती. बाबांनी स्वयंपाकघराचा पडदा ओढायला लावला आणि टेबलाशी बसले. "माझा फोटो काढ. आहे तसाच, ऑटोवर."

मी फ्लॅश मारला. मॅडमनी फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "बाबा, तुमच्या सुरकुत्या कुठे गेल्या?"

"बघितलंस? हा फोटो पेन्शनवाल्यांना दाखवलास तर माझं वयच खोटं ठरवतील." मग त्यांचा आवाज शिकवणाऱ्याचा झाला. "समोरून उजेड मारला की सगळं सपाट होतं. सुरकुती म्हणजे काय, तर बारीकशी सावली. तडाही तसाच. तू स्वतःच सावली पुसून टाकलीस आणि मग सावली शोधत बसलीस. आता फ्लॅश बंद कर. टेबलाचा दिवा माझ्या कानाशी आण, एका बाजूनं."

मॅडमनी तिसरी तऱ्हा निवडली. मला हातात धरून बटण दाबलं. फोटो हलला.

"हलणारच," बाबा म्हणाले. "उजेड कमी असला की हा डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो. माणसाचा हात तेवढा वेळ स्थिर राहत नाही. डब्यावर ठेव त्याला. आणि टायमर लाव, म्हणजे तुझ्या बोटाचाही धक्का नको."

मला एका चौकोनी डब्यावर बसवण्यात आलं. टायमरची बारीक टिकटिक झाली आणि मी डोळा उघडला, सावकाश. त्या फोटोत बाबांच्या कपाळावरची एकेक रेघ होती, गालावरचा जुना व्रण होता, हनुवटीवर दाढी करताना राहिलेले दोन केस होते.

"हा मी," बाबा म्हणाले.

मग त्यांनी पडदा उघडायला लावला आणि खिडकीला पाठ करून उभे राहिले. ऑटोवर ते काळे ठिक्कर आले. मॅडम लगेच म्हणाल्या, "गठ्ठा."

"काय?"

"काही नाही. इथे फ्लॅश मारायचा ना, बाबा? उजेड आहे तरी?"

"उजेड आहे, पण माझ्या पाठीवर. तोंडावर कुठे आहे? दुसरी तऱ्हा लाव. आणि इतक्या लांबून नको. एवढ्याशा फ्लॅशचा जोर चार पावलांपुरता. माणसाचा चेहरा हवा असेल तर माणसाजवळ जावं लागतं, पोरी."

मॅडम जवळ आल्या. मी भर दुपारी, लख्ख खिडकीसमोर फ्लॅश मारला. खिडकी खिडकीसारखी आली आणि तिच्यापुढे बाबा, थोडेसे हसणारे, शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात घातलेले.

सोमवारी आम्ही पुन्हा त्या इमारतीत गेलो. मॅनेजर गोदामाच्या दाराशी होताच. "मागच्या आठवड्यात तर काढलेत फोटो," तो म्हणाला.

"तेव्हा मला काढता येत नव्हते," मॅडम म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यांनी शिडीच्या वरच्या पायरीवर मला ठेवलं, खाली रुमालाची घडी करून. फ्लॅश बंद. तड्याला लागून सहा इंची मोजपट्टी चिकटवली, म्हणजे रुंदी कळेल. मग टॉर्च तुळईच्या अगदी कडेला धरला, उजेड तिच्यावरून सरपटत जाईल असा. मित्रांनो, त्या चकचकीत रंगाखाली काय होतं ते तेव्हा मला दिसलं. एक तडा नव्हता. एका मोठ्या तड्याला सात-आठ फाटे होते, आणि एका जागी काँक्रीट पोटासारखं फुगलं होतं. टायमर लागला. मी डोळा उघडा ठेवला. मॅडमनी श्वासही रोखून धरला होता.

वर जाताना मॅनेजर मागोमाग आला. मॅडम दारात थांबल्या नाहीत. सरळ मशीनच्या रांगेत गेल्या. मशीन एकेक करून थांबली. सगळ्यांत पुढे काजबटण करणाऱ्या एक मावशी होत्या, पांढऱ्या केसांच्या, गळ्यात कात्री अडकवलेल्या.

"फोटो कशाला परत?" मावशींनी विचारलं. "आमचे चेहरे दिसले तर मालक उद्या कामावर घेणार नाही."

मॅडमनी खोटं आश्वासन दिलं नाही. "चेहरे दिसतील," त्या म्हणाल्या. "काम काही दिवस बंदही पडेल. खालची तुळई फुटलीय. मागच्या वेळी तुम्ही काळ्या आलात फोटोत. मालकांनी सांगितलं की हे कापडाचे गठ्ठे आहेत, वर माणूसच नाही."

मावशींनी मॅनेजरकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहू लागला.

"गठ्ठे," मावशी म्हणाल्या. त्यांनी पदर नीट खोचला. "सत्तावीस वर्षं झाली मला या खुर्चीत. काढा फोटो. पण सगळ्यांचा काढा. पाठमोरी कुणी बसायचं नाही गं."

बायका उठल्या. कुणी चष्मा पुसला, कुणी केसांतले दोरे झटकले. काही जणी अजून घाबरलेल्या होत्या. त्यांना बाकीच्यांनी मध्ये घेतलं. चार पावलांत बेचाळीस जणी मावत नव्हत्या, म्हणून मॅडमनी सात-सात जणींचे सहा फोटो काढले, प्रत्येक वेळी त्यांच्याजवळ जाऊन. पाठीमागे खिडक्या भगभगत होत्या. ऑटोवर असतो तर मी गप्प बसलो असतो. त्या दिवशी मी गप्प बसलो नाही. सहा वेळा चमकलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर फोटो पसरले गेले. मालकांनी तड्याचा फोटो पाहिला आणि खाली ठेवला. मग बायकांचे सहा फोटो पाहिले. मॅडमनी विचारलं, "यांतला गठ्ठा कुठला, सांगता का?"

मालकांनी फोटो साहेबांकडे सरकवले. साहेबांनी हुकुमावर सही केली. त्याच दुपारी मजला रिकामा झाला. दोन दिवसांनी कारागिरांनी टेकू लावून तुळईचा रंग खरवडला, तेव्हा गिलाव्याबरोबर आतली गंजलेली सळई पापुद्र्यांसारखी गळून पडली. मुख्य कारागीर शिडीवरून उतरला आणि त्यानं तुळईकडे बोट दाखवलं. "यावर मशीन चालत होती?" त्यानं विचारलं.

सगळं गोड झालं, असं मी सांगणार नाही. बायकांचं काम अडीच महिने बंद होतं. काही जणींनी मॅडमना रस्त्यात गाठून बोल लावले, आणि मॅडमनी ते मान खाली न घालता ऐकले. मग कारखाना दुसऱ्या इमारतीत सुरू झाला, तळमजल्यावर. बेचाळीसपैकी एकोणचाळीस जणी परत आल्या. तिघींनी दुसरीकडे काम धरलं होतं. पण बेचाळीसही जणी सुखरूप होत्या, हे महत्त्वाचं.

त्यानंतर मी आणखी चार वर्षं मॅडमबरोबर फिरलो. मग कार्यालयात प्रत्येकाला फोन मिळाले आणि मोडीत काढायच्या वस्तूंची यादी झाली. स्टोअरकीपरनं माझं नाव लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात सवयीनं लिहून टाकलं, 'फ्लॅश खराब'. यादी सहीसाठी मॅडमकडे आली. त्यांनी ते दोन शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'फ्लॅश चांगला आहे. वापरणाऱ्याने पाहून निवडावा लागतो.' मग रीतसर अर्ज करून मला मागून घेतलं.

परवाच काजबटणवाल्या मावशी मॅडमच्या घरी आल्या होत्या. आता त्यांनी काम सोडलं आहे. त्यांना त्या सहा फोटोंतला एक हवा होता. "आमच्या घरात माझा कामावरचा एकही फोटो नाही," त्या म्हणाल्या. "नात विचारते, आजी, तू काय करायचीस." मॅडमनी फोटो मोठा करून दिला. मावशींनी तो डोळ्यांजवळ धरला आणि एकेकीवर बोट ठेवत सातही जणींना हाका मारल्या. मग फोटो उलटा करून मागे पेन्सिलीनं सातही नावं लिहिली.

मित्रांनो, तुमच्या हातातल्या फोनलाही फ्लॅशचं बटण आहे. तेही कुणीतरी ऑटोवर ठेवून दिलेलं असेल. जुन्या वस्तूंना सांभाळा, धूळ पुसा, पडू देऊ नका, हे सगळं मी सांगू शकतो, आणि ते खरंही आहे. पण माझी मागणी त्याहून मोठी आहे. फोटो काढण्याआधी समोर बघा. उजेड कुठून येतोय, कुणाच्या तोंडावर आहे आणि कुणाच्या पाठीवर, हे तुमच्या डोळ्यांनी ठरवा. आणि एवढं करूनही कुणी काळं आलं, तर यंत्राला नावं ठेवू नका. चार पावलं पुढे जा आणि पुन्हा काढा.